एक पॉइंट सहा

आज सकाळपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, ज्या मित्राबरोबर दर रविवारी सकाळी कृष्णेकाठी चालायला जातो त्यालाही नाही. एका बाईच्या हृदयाच्या सोनोग्राफीच्या अहवालावर मी जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहिला. हात घसरला नव्हता, मशीन बिघडलं नव्हतं, घाईही नव्हती. खरा आकडा एक पॉइंट एक होता आणि तो मला ठाऊक होता. मी एक पॉइंट सहा लिहिला आणि खाली सही केली.

अर्ध्या चौरस सेंटिमीटरचं तर प्रकरण, त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. आमच्या धंद्यातल्या माणसाला वाटणार नाही. त्याला नुसते दोन आकडे सांगितले तरी तो खाली बघेल.

मी हृदयाची सोनोग्राफी करतो. लोक तिला इको म्हणतात, आम्हीही इकोच म्हणतो. तेव्हा आठवड्यातले चार दिवस मी साताऱ्याकडच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात शिकवायला जायचो आणि उरलेले दिवस सांगलीत माझं स्वतःचं इको सेंटर चालवायचो. दोन्हीकडं काम एकच. छातीवर जेल लावायचं, प्रोब टेकवायचा, पडद्यावर हलणारं हृदय बघायचं आणि मोजायचं. सांगलीत पेशंट यायचा तो बरं व्हायला. कॉलेजातही तो बरं व्हायलाच यायचा, पण आम्ही त्याला त्यासाठी बोलावलेलं असायचंच असं नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा चौतीस-पस्तीस वर्षांची असेल. लोणंदजवळच्या गावातली, शिरवळच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला. नवरा फौजेतून निवृत्त होऊन त्याच पट्ट्यात सिक्युरिटीत लागलेला. कंपनीचा जिना चढताना दम लागतो, एवढीच तक्रार. दोन वर्षं तिला रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चारल्या होत्या. एका डॉक्टरनं तर चिठ्ठीवर 'टेन्शन घेऊ नये' असं लिहून दिलं होतं, गोळ्यांच्या खाली, आणखी एक औषध असल्यासारखं.

मी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला आनंद झाला.

दुसरा शब्द शोधून बघितला, सापडत नाही. आनंदच झाला. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, ताप येतो. पोर बरं होतं, पण तो ताप कधी कधी हृदयाची झडप धरून बसतो. वर्षं जातात तशी झडप आखडत जाते आणि तिचं दार अरुंद होतं. याला मायट्रल स्टेनोसिस म्हणतात, बोलताना नुसतं एमएस. त्या अरुंद दारातून रक्त जाताना एक खर्जातली घरघर ऐकू येते. पुस्तक वाचून ती कळत नाही, कान तयार व्हावा लागतो. आणि असे पेशंट आता कमी झालेत. तिची घरघर इतकी स्वच्छ होती की मी वॉर्डातल्या पोरांना हाका मारल्या. "या, या, सगळे या. असं परत ऐकायला मिळायचं नाही." चौदा पोरापोरींनी एकामागून एक स्टेथोस्कोप टेकवला. सगळ्यांचं झाल्यावर तिनं विचारलं, "सर, लय वाईट हाय व्हय?"

मी हसून म्हणालो, "छे, छे. फार छान आहे."

पोरंही हसली. त्यांना वाटलं सर पेशंटला धीर देतायत.

आमच्या विभागात एक डायरी होती. मी जिथं शिकलो तिथंही होती, जिथं जिथं शिकवलं तिथंही होती. त्या डायरीत माणसांची नावं नसायची. 'प्लीहा – वाई.' 'यकृत – कोरेगाव.' 'फुप्फुसात पाणी – मेढा.' पुढं फोन नंबर. परीक्षा जवळ आली की वॉर्डातले मामा ती डायरी घेऊन बसायचे आणि एकेकाला फोन लावायचे. मग ही माणसं एसटीनं यायची. भाडं मिळायचं, मेसमध्ये जेवण मिळायचं, आणि सकाळपासून दुपारपर्यंत ती खाटांवर ओळीनं झोपून राहायची. परीक्षा देणारा डॉक्टर यायचा, तपासायचा, बाहेरगावच्या परीक्षकांपुढं आजार ओळखून दाखवायचा. डॉक्टर घडवायचे तर खरी माणसं लागतात, त्याला माझी ना नाही. पण या डायरीचा एक नियम होता, जो कुणी लिहिला नव्हता आणि सगळे पाळत होते. माणूस बरा झाला की तो कामाचा नाही.

एकदा मामा डायरी चाळत मला म्हणाले, "सर, वाईची प्लीहा गेली."

मी दचकलो. "वारली?"

"न्हाई, बरी झाली." आणि त्यांनी फुली मारली. चेहऱ्यावर खरंच नुकसान झाल्याचा भाव.

मी हा किस्सा सांगलीत चार डॉक्टरांच्या बैठकीत रंगवून सांगितलाय. टाळ्या घेतल्यात. आज तो आठवला की टाळ्या देणाऱ्यांचाही राग येतो आणि माझाही.

डायरीत ती 'एमएस – लोणंद' झाली. दर परीक्षेला यायची. अधल्यामधल्या महिन्यांत मी तिला इको शिकवायला बोलवायचो, कारण नव्या पोरांना झडप ओळखायला तिच्यासारखी झडप नव्हती. तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीवर वळवायचं, डावा हात डोक्याखाली, ब्लाऊज बाजूला, छातीवर गार जेल. पडदा लावलेला असायचा, पण पडद्याच्या आतच आठ जण असायचे. एकाचं झालं की दुसरा. तासभर ती तशीच. आम्ही सगळे तिच्या अंगावरून इंग्रजीत बोलायचो. तिला त्यातले दोन-तीन शब्द पाठ झाले होते. कुणी 'क्लासिकल' म्हणालं की ती म्हणायची, "आलं, आलं, नाचाचं आलं."

जीभ तिखट होती तिची. एकदा एक पोरगा कशावरून तरी फिसकन हसला. तिनं मानही वळवली नाही. "हसू नगंस. तुझ्या आईचं बी काळीज इथंच हाय." त्या खोलीत परत कुणी हसलं नाही. दुसऱ्या एकाला प्रोब कुठं धरायचा कळेना, तर म्हणाली, "जरा खाली, बाळा. आजून. हां, तिथं तुमचे सर थांबत्यात." मी तिला चांगली वागणूक देतो असं मला वाटायचं, कारण तिच्या बोलण्याला मी हसायचो. पोरं तिला मावशी म्हणायची. दिवाळीत एका बॅचनं साडीही दिली. साडी! जिचा आजार काढायचा नाही असं ठरलं होतं, तिला आम्ही साडी दिली.

ठरलं होतं असं म्हणतो, पण ते ठरवलं कुणी? एका खोलीत बसून कुणी ठरवलं नाही. म्हणूनच इतकी वर्षं चालतं.

या आजाराला चांगला इलाज आहे. मांडीतल्या शिरेतून तार घालतात, झडपेत फुगा नेऊन फुगवतात, दार मोकळं होतं. छाती उघडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. आणि दार मोकळं झालं की घरघर जवळजवळ जाते. माप दीडच्या खाली आलं आणि पेशंटला त्रास होत असला की थांबायचं नसतं, हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवायचो. तिची झडप पहिल्या वर्षी दीडच्या वर होती. गोळ्यांवर दम आटोक्यात होता. तोवर आमचं वागणं नुसतं असभ्य होतं. पुढं ते गुन्हा झालं.

तिसऱ्या वर्षी थंडीत ती आली तेव्हा पार्किंगपासून ओपीडीपर्यंत दोनदा बसली. छातीत धडधड होते म्हणाली. ईसीजी काढला तर त्या घडीला ठोके सरळ होते. चोवीस तासांचं यंत्र लावून बघायला हवं होतं. लावलं नाही. इको एक पोरगी करत होती, आमच्याकडं एमडी करणारी, फलटणकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याची, घरातली पहिली डॉक्टर. तिनं सावकाश, मी शिकवलं होतं तसं माप घेतलं आणि म्हणाली, "सर, एक पॉइंट एक येतंय. दोनदा घेतलं."

मी प्रोब हातात घेतला. एक पॉइंट एक. परत घेतलं. एक पॉइंट एक.

माप कसं घेतात ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ही झडप नरसाळ्यासारखी असते, वर रुंद, टोकाला अरुंद. खरं दार टोकाला. पडद्यावर टोकाचा आडवा काप आणायचा आणि दाराच्या कडेनं रेघ फिरवायची, मशीन क्षेत्रफळ सांगतं. प्रोब केसभर तिरका झाला आणि काप टोकाच्या जरा वर गेला, तर दार मोठं दिसतं. नवशिक्याची ही पहिली चूक. मी ती पहिल्या दिवशी दाखवून देतो. "नरसाळ्याची नळी मोजा रे, तोंड मोजू नका."

परीक्षा अडीच महिन्यांवर होती. आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या केसेसवर नाकं मुरडली होती. विभागप्रमुख सकाळीच म्हणाले होते, "या वर्षी आपल्याकडं काय आहे? लोणंदची एमएस आहे ना? मग झालं. तिचा फुगा-बिगा आत्ताच नको हं. आवाज गेला तर मी परीक्षेला काय ठेवू?" ते हसत होते. मीही हसलो होतो. मी तेव्हा प्राध्यापक व्हायच्या रांगेत होतो, हेही लिहून टाकतो. कारण मोठं असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. ते एवढंसं होतं.

मी प्रोब केसभर तिरका केला. पडद्यावरचं दार मोठं झालं. रेघ फिरवली. एक पॉइंट सहा.

"हे बघ," मी त्या पोरीला म्हणालो. "एक पॉइंट सहा. मध्यम. तुझा हात अजून कच्चा आहे."

ती पडद्याकडं बघत राहिली. तिला काप कुठला आहे ते दिसत होतं. मीच शिकवलं होतं ना. "सर, पण हा लेव्हल..." एवढंच म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं. मग तिनं वहीत एक पॉइंट एक खोडलं आणि एक पॉइंट सहा लिहिलं. त्या पोरीला मी त्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवू नये, आणि सर बोलले की वही खोडावी. आम्ही याला ट्रेनिंग म्हणतो.

बाहेर बाकावर त्या बाईचा नवरा ताठ बसला होता. मला बघून उठला. "साहेब, काय म्हणतंय? न्हाई, पुण्याला लष्करी दवाखान्यात आमचं सगळं फ्री होतंय. तुमी झडप बारीक झालीय आसा कागद द्या, उद्याच्याला घेऊन जातो."

पैशाचा प्रश्न नव्हता. खाटेचा नव्हता. रजेचाही नव्हता. एक कागद हवा होता, आणि तो माझ्या हातात होता, चुकीच्या आकड्याचा.

"इतक्यात गरज नाही," मी म्हणालो. "गोळ्या वाढवून देतो. उन्हाळा जाऊ दे, मग बघू."

"ठीक हाय साहेब. आमच्यात डॉक्टरनं सांगितलं की उलट विचारत न्हाईत."

"तुमच्यात न्हाई विचारत, मी विचारते की," ती मागून पदर सावरत आली. "सर, खरं सांगा. त्यो माझा आवाज हाय न्हवं, तुमच्या परीक्षेचा, त्यो घालवला की मी बरी होती का?"

तीन वर्षं आमच्या इंग्रजीच्या खाली पडून राहून तिला सगळं कळलं होतं. मी म्हणालो, "ताई, प्रत्येक गोष्टीची वेळ असते."

"कुणाची वेळ?" ती म्हणाली. नवऱ्यानं तिला दटावलं. "आगं, गप. साहेबांस्नी काय म्हणतीस." आणि दोघं गेले.

त्याच आठवड्यात सांगलीत माझ्या सेंटरला एका द्राक्ष बागायतदाराची सून आली. तोच आजार. माप एक पॉइंट तीन. मी स्वतः पुण्याला फोन लावला आणि चौथ्या दिवशी तिचा फुगा झाला. तिच्या सासऱ्यानं पेटीभर द्राक्षं पाठवली. आम्ही घरी खाल्ली. म्हणजे मला येत होतं. वेळेवर करता येत होतं, तळमळीनं करता येत होतं. जिनं आम्हाला शिकवायला स्वतःचं अंग दिलं तिच्यासाठी तेवढं येत नव्हतं.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. ती आली. ओठ निळसर, पाय सुजलेले. एक परीक्षार्थी घाबरून तिला उताणीच तपासायला लागला, तर तिनं ओठ न हलवता सांगितलं, "डाव्या कुशीला घे रं मला. इसारलास." तो पास झाला. बाहेरगावचे परीक्षक आवाज ऐकून खूश. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काय केस जपलीय हो तुम्ही!"

दुपारी मेसच्या पायरीवर ती भेटली. ताट तसंच होतं. म्हणाली, "झाली न्हवं परीक्षा? आता तरी पाठवा."

"पुढच्या आठवड्यात कागद करतो."

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर निराळं. कागद रोज डोक्यात होता आणि रोज वाटायचं, आता परीक्षा तर झाली, एवढी काय घाई. आमच्या लेखी घाई संपली होती.

परीक्षेनंतर अठराव्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये तिच्या हातातून ताट पडलं. उजवा हात, उजवा पाय, वाचा, तिन्ही एकदम गेलं. अरुंद झडपेमागं रक्त साचतं, ठोके बिघडतात, साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाऊन बसते. हेही मी फळ्यावर दरवर्षी लिहायचो.

तिला आमच्याकडंच आणलं. त्यांचा आमच्यावर विश्वास होता ना. मी इको केला. डाव्या कप्प्यात गुठळीचा उरलेला तुकडा दिसत होता. माप घेतलं आणि या वेळी खरं लिहिलं, एक पॉइंट एक.

मग विभागाची बैठक झाली. अशा पेशंटवर चर्चा होते, काय चुकलं ते शोधतात, असं म्हणतात. पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले. एक सहकारी म्हणाला, "पेनिसिलिनची इंजेक्शनं चुकवली असणार. हे लोक घेतात कुठं नीट." झडप धरणारा तो ताप परत येऊ नये म्हणून ही इंजेक्शनं देतात, आणि तिचं त्यांचं कार्ड फाइलमध्येच होतं. दर तीन आठवड्यांची तारीख, एकही घर रिकामं नाही, प्रत्येकासमोर नर्सची सही. कुणी उघडून बघितलं नाही. दुसरा म्हणाला, "तीन महिन्यांत एक पॉइंट सहावरून एक पॉइंट एक! इतक्या झपाट्यानं आखडत नाही कधी. पेपर होईल यावर." आणि माना डोलल्या. माझ्या खोट्या आकड्यावर ते शोधनिबंध लिहायला निघाले होते. फलटणची पोरगी शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी बोललो नाही. बैठकीच्या नोंदीत 'अनपेक्षित' असा शब्द पडला आणि चहा आला.

मला त्या माणसांचा राग येतो. ती माणसं काही राक्षस नव्हती. दोघं-तिघं तर फार चांगले डॉक्टर आहेत. पण ज्या बाईला त्यांनी दहा-दहा वेळा तपासलं, तिचं कार्ड उघडायला त्यांना अर्धं मिनिट मिळालं नाही, आणि तिच्यावर ठपका ठेवायला लगेच मिळालं. आणि माझा राग वेगळाच येतो, कारण मला तर कार्ड उघडायचीही गरज नव्हती.

आत गुठळी असताना फुगा घालता येत नाही, त्यामुळं तो इलाज हातचा गेला होता. पुढं पुण्याच्या लष्करी दवाखान्यात छाती उघडून तिची झडप बदलली. ती जगली. उजवा हात मात्र परत आला नाही. चार-पाच शब्द बोलते म्हणे.

वाटेल, इथं संपलं असेल. पुढच्या परीक्षेला मी वॉर्डात गेलो आणि तिसऱ्या खाटेवर ती होती. डायरीत 'एमएस – लोणंद' खोडून 'अर्धांगवायू – लोणंद' लिहिलं होतं. मामांनी फोन केला, नवरा घेऊन आला. मला बघून उठला, हात जोडले. "साहेब, बोलावलं तर यायलाच पायजे. तुमी लय केलंय आमच्यासाठी."

खाटेशी एक परीक्षार्थी उभा होता. वाचा तपासायची म्हणून त्यानं मोठ्यानं विचारलं, "ताई, तुमचं नाव सांगा." तिनं तोंड उघडलं. एक आवाज आला, नाव आलं नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि परत विचारलं, आणखी मोठ्यानं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. जिनं नवऱ्यासमोर मला 'कुणाची वेळ?' विचारलं होतं ती बाई, आणि तिला आता विचारता येत नव्हतं.

मी काय केलं? बाहेर आलो. खोलीत जाऊन बसलो. मामांना बोलावून म्हणालो, "तिला आत्ताच्या आत्ता घरी सोडायला गाडी सांगा. आणि तिला परत बोलवायचं नाही."

"मग अर्धांगवायूला काय करू?" मामांनी विचारलं. भोळेपणानं. त्यांना आम्हीच असं शिकवलं होतं.

त्या वर्षाअखेर मी कॉलेज सोडलं. प्रवास झेपत नाही असं कारण दिलं. निरोपाच्या भाषणात विभागप्रमुख म्हणाले, सरांनी केसेस फार जपल्या. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी शाल घेऊन उभा होतो. आता सांगलीतच असतो. शिकायला येतात त्या पोरांना सांगतो, आधी पेशंटचं काम, मग तुमचं शिकणं. नाव घेऊन बोला, परवानगी विचारा, तासभर कुणाला उघडं झोपवू नका. ती ऐकतात. पण अलीकडंच एकानं मला बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या कॉलेजात आता डायरी नसते, फोनमध्ये ग्रुप आहे. 'सर, एक मस्त एमएस आहे, ऑपरेशन परीक्षेनंतर आहे.' तो सहज सांगत होता. मी त्याच्यावर इतका ओरडलो की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. पोरगा रडकुंडीला आला. ओरडायचं खरं तर कुणावर होतं?

फलटणची ती पोरगी आता स्वतः इको करते. गेल्या वर्षी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग थांबली आणि म्हणाली, "सर, एक विचारू? त्या दिवशी माझा हात कच्चा नव्हता ना?" इतकी वर्षं ती तेच घेऊन बसली होती. प्रत्येक मापाला तिला स्वतःच्या हाताची शंका येत असेल. मी म्हणालो, "अगं, पेशंट आहे समोर, नंतर बोलू." समोर कुणी नव्हतं. आज सकाळी, हे लिहायला बसण्याआधी, मी तिला फोन केला. म्हणालो, "तुझा हात पक्का होता. मी खोटं माप घेतलं." तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "त्यांना सांगितलंत का, सर?"

नाही सांगितलेलं. हे लिहिलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही. इथं नावं नाहीत, आणि ते दोघं हे वाचतील असंही नाही. वकिलाला विचारू का, असा विचार माझ्या मनात आला, तोही लिहून ठेवतो. आपल्या मुळाशी काय असतं ते अशा वेळी कळतं.

लोणंदला त्यांच्या घरी जाऊन, ती आणि तिचा नवरा दोघंही समोर असताना, तिच्या झडपेचं खरं माप मला त्या दिवशी माहीत होतं आणि परीक्षेसाठी मी ते लपवलं, हे त्यांना कळेल अशा शब्दांत सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. पुढं ते जे करायचं ठरवतील त्यासाठी तसं लिहून, सही करून त्यांच्या हातात ठेवणं, हेही. दोन्हीतलं काहीच मी अजून केलेलं नाही.